पुरात अडकलेला धंदा आणि नाकारलेला विमा

(ज्ञातिसंस्थेच्या पुणे येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण. वक्त्यांनी स्वतः तपासून दिलेला मजकूर येथे देत आहोत. – संपादक)



कार्यकारी मंडळाने मला बोलण्याची आज्ञा केली तेव्हा मी प्रथम नकारच कळविला होता. मी वक्ता नव्हे. माझी चाळीस वर्षे वार आणि मीटर मोजण्यात, गणवेशांची मापे घेण्यात आणि संध्याकाळी रोजमेळ जुळविण्यात गेली आहेत. परंतु चिटणीसांनी असे सांगितले की, आपल्या ज्ञातीतील अर्ध्याहून अधिक कुटुंबे आजही लहान दुकान किंवा लहान कारखाना यांवरच उभी आहेत, आणि विम्याच्या कंपनीने नकाराचे पत्र धाडले की ते देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवून गप्प बसण्याची आपल्याकडे रीत आहे. तुम्ही गप्प बसला नाहीत, ते का आणि कसे, एवढेच सांगा. ही सूचना मला पटली, म्हणून आपल्यासमोर उभा आहे.

माझे दुकान सांगलीस गणपती पेठेत आहे. खाली कापड व तयार कपडे, मागच्या बाजूस गोदाम, आणि माडीवर चौदा शिवणयंत्रांचा कारखाना. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाईने जे रूप दाखविले ते सांगली-कोल्हापूरकडील मंडळींना सांगावयास नको. आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. २००५ च्या पुराच्या खुणा पाहून आम्ही बांधलेले सारे अंदाज त्या एका आठवड्यात खोटे ठरले. माझ्या दुकानात सात फूट पाणी होते. आठ दिवसांनी दार उघडले तेव्हा गणपती आणि दसऱ्यासाठी भरलेला माल चिखलाच्या एकाच गठ्ठ्यासारखा दिसत होता. माडी मात्र कोरडी होती. यंत्रे जशीच्या तशी, त्यांवर अर्धवट शिवलेले सदरे तसेच. ही कोरडी माडी पुढे माझ्या विरुद्ध साक्षीला उभी राहील हे तेव्हा माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

मालाचा विमा होता. बँकेने कर्ज देताना तो करावयासच लावला होता. त्याखेरीज २०१५ साली आमच्या विमा प्रतिनिधीच्या आग्रहावरून मी आणखी एक पॉलिसी घेतली होती. तिला बाजारात ‘लॉस ऑफ प्रॉफिट’ची पॉलिसी म्हणतात. तिचे मर्म थोडक्यात सांगतो, कारण तिची माहिती आपल्यात फार थोड्यांना आहे. पहिली पॉलिसी भिजलेल्या कापडाचे पैसे देते. परंतु कापड भिजले म्हणून दुकान तीन महिने बंद राहिले, त्या काळात भाडे, महिनेवारी नोकरांचे पगार, बँकेचे व्याज हे सर्व चालूच राहिले आणि हाती येणारा नफा मात्र आला नाही. त्याची भरपाई ती देत नाही. ती दुसरी पॉलिसी देते. अट एवढीच की, जागेतील मालमत्तेचे प्रत्यक्ष नुकसान झालेले असावे, त्या नुकसानीचा विमा असावा, आणि ते देणे कंपनीने मान्य केलेले असावे. म्हणजे दुसरी पॉलिसी पहिलीच्या बोटाला धरून चालते. २०२० साली टाळेबंदीत दुकाने बंद राहिली तेव्हा काही मित्र माझ्याकडे आले होते. त्यांची पॉलिसी याच नमुन्याची होती, आणि त्यांच्या दुकानातील एक टाचणीही बिघडलेली नव्हती. त्यांना मी स्पष्ट सांगितले की या पॉलिसीवर तुम्हांला काही मिळणार नाही. वकिलाला पैसे देऊ नका. भांडावे केव्हा हे जसे कळावे लागते, तसे कधी भांडू नये हेही कळले पाहिजे.

मालाचा दावा जानेवारी २०२० मध्ये मिटला. त्या वेळची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. धनादेशापूर्वी सही करण्यासाठी एक छापील कागद आला. त्यावर ‘सर्व दाव्यांच्या पूर्ण व अंतिम फेडीदाखल’ असे शब्द होते. पाच महिने पैशाची वाट पाहिलेला माणूस अशा कागदावर डोळे मिटून सही करतो. मीही लेखणी उचलली होती. माझ्या थोरल्या बंधूंची कन्या वकील आहे; ती सहज दुकानात आली होती. तिने कागद माझ्या हातातून घेतला आणि सहीच्या जागेच्या वर स्वच्छ अक्षरात लिहिले : ‘केवळ मालाच्या नुकसानीपुरते; नफ्याच्या नुकसानीचा दावा स्वतंत्र व कायम.’ कंपनीच्या माणसाने थोडी कुरकूर केली आणि कागद घेतला. जबरदस्तीने किंवा फसवून घेतलेली सही न्यायालये बाजूस सारू शकतात हे खरे. पण ती जबरदस्ती सिद्ध करण्याची वेळ माझ्यावर आली नाही, ती त्या एका ओळीमुळे.

मार्च २०२० मध्ये दुसऱ्या दाव्याचे उत्तर आले. दोनच कारणे होती. एक, पुरात संपूर्ण शहरच बुडाले होते. तुमचे दुकान कोरडे राहिले असते तरी गिऱ्हाईक आले नसते. सबब तुमचा तोटा दुकानाच्या नुकसानीमुळे झालेला नाही. दोन, कारखान्याची यंत्रे सुस्थितीत होती. सबब कारखाना बंद ठेवण्याचे कारण नव्हते. पत्र अत्यंत सभ्य भाषेत होते. मंडळी, पहिले कारण वाचून मला क्षणभर ते खरेच वाटले. गावच बुडाले, त्यात आपण एकटे काय मागणार, हा विचार आपल्या रक्तातच आहे. सर्वांवर आलेली आपत्ती ही तक्रारीची गोष्ट नव्हे असे आपण मानतो. पण मग मनात आले की, पूर येतो तेव्हा एकाच दुकानापुरता कधी येतो का? पुराचा विमा विकावयाचा, आणि पूर आला की तो सर्वांकडेच आला असे म्हणून हात झटकावयाचे, तर मग हप्ता कशाचा घेतला होता?

हा युक्तिवाद काही आमच्या कंपनीने शोधून काढलेला नव्हता. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्स शहराला २००५ साली कतरिना वादळाने उद्ध्वस्त केले. तेथील विंडसर कोर्ट नावाचे हॉटेलही त्यात सापडले आणि सप्टेंबर-ऑक्टोबर बंद राहिले. मालक कंपनीने नफ्याची भरपाई मागितली. विमा कंपनीचे म्हणणे हेच, की हॉटेल धड राहिले असते तरी ओसाड शहरात उतरावयास कोण येणार होते? वाद लंडनमध्ये लवादापुढे गेला आणि तेथून न्यायालयात. २०१० साली न्यायालयाने विमा कंपनीची बाजू उचलून धरली. पुढे दहा वर्षे हा निकाल विमा कंपन्यांना ढालीसारखा उपयोगी पडत होता.

नंतर २०२० ची साथ आली. इंग्लंडमध्ये विमा क्षेत्रावर देखरेख करणाऱ्या फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीने स्वतः पुढाकार घेऊन आठ विमा कंपन्यांच्या एकवीस नमुना पॉलिसींचा अर्थ न्यायालयाकडून ठरवून घेतला. त्या पॉलिसी आपल्याकडील नमुन्याहून वेगळ्या होत्या. त्यांत साथीच्या रोगामुळे किंवा सरकारी बंदीमुळे होणाऱ्या तोट्याचे खास कलम होते. कंपन्यांनी पुन्हा तेच म्हटले की, तुमच्या परिसरात रोगी सापडला नसता तरी सर्व देशातच रोग होता, तेव्हा तुमचा धंदा बुडालाच असता. १५ जानेवारी २०२१ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. एकाच मूळ आपत्तीतून विमा असलेले आणि विमा नसलेले असे दोन परिणाम बरोबरीने घडले, आणि दुसरा पॉलिसीने वगळलेला नसला, तर दुसऱ्याकडे बोट दाखवून पहिल्याची भरपाई नाकारता येत नाही, असा त्याचा आशय. न्यू ऑर्लीन्सच्या हॉटेलचा निकालही न्यायालयाने चुकीचा ठरविला. आणि येथे मला मोठे नवल वाटले. ते मुख्य निकालपत्र दोन न्यायमूर्तींनी मिळून लिहिले होते, हॅम्ब्लन आणि लेगॅट. त्यांपैकी हॅम्ब्लन यांनीच न्यायाधीश म्हणून २०१० चा निकाल दिला होता, आणि लेगॅट त्या लवादात पंच होते. दोघांनी आपलीच जुनी चूक आपल्या सहीने दुरुस्त केली. आपल्याकडे साधी लग्नाची तारीख चुकली तरी कोणी कबूल करीत नाही. असो.

इंग्लंडचा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. त्याचे वजन फक्त विचारात घेण्यापुरते. पुतणीने तो कागदांना जोडला, पण सारा भार त्यावर टाकला नाही. तिने मला विचारले, “काका, पाणी उतरल्यावर गावात खरेदी झालीच नाही का?” तेव्हा माझ्या लक्षात आले. झाली होती! पाणी ऑगस्टच्या मध्यास उतरले. २ सप्टेंबरला गणपती बसले, ८ ऑक्टोबरला दसरा, २७ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन. विश्रामबागेत आणि मिरजेत दुकाने भरून वाहत होती. उलट, घराघरांतील कपडे पुरात गेल्यामुळे लोकांना कपड्यांची अधिकच गरज होती. मिरजेतील दोन व्यापाऱ्यांनी आपल्या विक्रीच्या आकड्यांसह शपथपत्रे दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. दुसऱ्याच्या तंट्यात आपले आकडे उघडे करणे सोपे नसते. गिऱ्हाईक होते, नव्हते ते माझे दुकान.

कोरड्या माडीचे उत्तर त्याहून सोपे होते. विजेचा मीटर आणि मुख्य बोर्ड खाली होते, ते सात फूट पाण्यात राहिले. कापडाचे तागे खालच्या गोदामात सडले. वीज नाही, कापड नाही, तेथे यंत्रे सुस्थितीत असून काय शिवणार? पॉलिसीत ‘जागेतील मालमत्ता’ असे शब्द होते, केवळ यंत्रे असे नव्हते. वायरमनचा दाखला आणि नव्या जोडणीची पावती एवढ्यावर ते कारण गळून पडले.

आम्ही कंपनीच्या वरिष्ठांकडे फेरविचाराचा अर्ज केला. ऑगस्ट २०२० मध्ये ‘निर्णय अंतिम’ असे एका ओळीचे उत्तर आले. त्याच अर्जात आम्ही सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागितली होती. मोठ्या नुकसानीची पाहणी परवानाधारक सर्व्हेअरकडून झाली पाहिजे असा १९३८ च्या विमा कायद्याचा दंडक आहे, आणि विमेदाराने मागितल्यास अहवाल त्याला मिळाला पाहिजे. प्रत आली आणि आम्ही थक्क झालो. सर्व्हेअरने माझ्या नफ्याचे नुकसान रीतसर मोजून ४,४६,२५० रुपये असा आकडा लिहिला होता, आणि खाली ‘कंपनीची जबाबदारी असल्यास’ एवढेच जोडले होते. नकाराच्या पत्रात या आकड्याचा उल्लेखही नव्हता. मंडळी, मागितल्यावाचून हा कागद मला कधीच दिसला नसता.

आता त्या आकड्याविषयी थोडे सविस्तर बोलतो. येथे स्त्रियांनीही लक्ष द्यावे, कारण हा प्रश्न पंचांगाचा आहे. नुकसान मोजताना गेल्या वर्षी त्याच तारखांना किती विक्री झाली ते पाहतात. माझे दुकान ६ ऑगस्टपासून ३ नोव्हेंबरपर्यंत बंद होते. २०१८ साली त्या तारखांत माझी विक्री २८ लाख होती. सर्व्हेअरने तोच आकडा धरला. परंतु २०१८ मध्ये अधिक ज्येष्ठ आला होता! त्यामुळे सारे सण मागे गेले, आणि त्या वर्षीचे लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबरला होते. म्हणजे त्याच तारखा घेतल्या की माझी दिवाळीची ऐन विक्री हिशेबाबाहेरच राहत होती. तिथीप्रमाणे मोजले, ऑगस्टचे मंदीचे दिवस वगळून दिवाळीचे दिवस धरले, तर आकडा ३३ लाख होत होता. पॉलिसीतच असे कलम असते की, विशेष परिस्थितीप्रमाणे आकड्यात योग्य तो फेरफार करावा. कंपनी हेच कलम ‘शहर बुडाले’ म्हणून माझ्याविरुद्ध वापरू पाहत होती; ते माझ्या बाजूनेही बोलू शकते हे पुतणीने दाखविले.

पण दिवसवार विक्री सिद्ध कशी करावयाची? सरकारी विवरणपत्रांत महिन्याची बेरीज असते, दिवसांची नाही. दुकानातील संगणक पाण्यात गेलेला. वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे हाताने रोजमेळ लिहिण्याची पद्धत आहे. चिरंजीवांनी ती बंद करावी म्हणून दोन वर्षे माझ्याशी वाद घातला होता. २०१८ ची वही माडीवर वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत होती. आयोगापुढे तीच वही ठेवली. चिरंजीव त्या विषयावर हल्ली बोलत नाहीत.

फेब्रुवारी २०२१ मध्ये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. भरलेला हप्ता पाच लाखांच्या आत असल्याने दाखल करण्याची फी शून्य. लहान धंदेवाइकांसाठी विमा लोकपालाचाही मार्ग आहे. एकल मालकीच्या दुकानांची तक्रार तेथे चालते, परंतु नकारानंतर एका वर्षाच्या आत गेले पाहिजे. आम्हांला साक्षी-पुरावे बरेच द्यावयाचे होते म्हणून आयोगाकडे गेलो.

कंपनीच्या वकिलांनी तेथे दोन नवी हत्यारे काढली. पहिले, हा व्यापारी आहे, ग्राहक नव्हे. तक्रार चालू असतानाच एप्रिल २०२३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हरसोलिया मोटर्सच्या खटल्यात याचा निर्णय दिला. व्यापारी विमा काढतो तो नफा कमावण्यासाठी नव्हे, तर संभाव्य नुकसान भरून निघावे म्हणून. त्यामुळे तोही ग्राहक ठरू शकतो. दुसरे हत्यार अधिक धारदार होते, आणि ते मी स्वतःच त्यांच्या हाती दिले होते. पाणी आल्यावर ८ ऑगस्टला मी कंपनीस कळविले, परंतु त्यात फक्त मालाच्या पॉलिसीचा क्रमांक लिहिला. दुसऱ्या पॉलिसीची सूचना १६ सप्टेंबरला दिली. उशीर झाला, अट मोडली, असे वकील म्हणाले. ते म्हणणे पूर्ण खोटे नव्हते. मला वाचविले ते सौराष्ट्र केमिकल्सच्या २०१९ मधील निकालाने. नकाराच्या पत्रात जे कारण दिले नाही ते विमा कंपनीला मागाहून पुढे करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले आहे. म्हणून नकार तोंडी मिळाला तर तो लेखी मागा, कारणांसह मागा.

सर्व्हेअरचा आकडा शेवटचा शब्द आहे, असेही कंपनी म्हणाली. तो शेवटचा शब्द नसतो, सबळ पुरावा असल्यास त्यापलीकडे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच प्रदीप कुमार यांच्या खटल्यात सांगून ठेवले होते. रोजमेळाची वही हा तो पुरावा.

सप्टेंबर २०२३ मध्ये निकाल लागला. तिथीचा हिशेब आयोगाने मान्य केला. ३३ लाखांतून ऑक्टोबरमध्ये एका तात्पुरत्या खोलीत झालेली ३ लाखांची विक्री वजा. उरलेल्या ३० लाखांवर चार आणे नफा, म्हणजे साडेसात लाख. विजेचा वगैरे वाचलेला खर्च ३० हजार वजा. त्या तात्पुरत्या खोलीचे ४० हजार भाडे मिळावयास हवे होते, ते मिळाले नाही. खोली स्नेह्याची, पावती मागण्याचा मला संकोच वाटला होता. राहिले ७ लाख २० हजार. आणि येथे माझी खरी चूक आड आली. माझ्या धंद्याचा वार्षिक नफा, खर्चासह, २४ लाख होता. पॉलिसी मात्र २०१५ च्या आकड्यावर, १८ लाखांवरच ठेवलेली. विमा तीन चतुर्थांश, तर भरपाईही तीन चतुर्थांश. हाती आले ५ लाख ४० हजार, व्याज वेगळे. चार हप्त्यांत मिळून काही हजार वाचविण्यासाठी मी एक लाख ऐंशी हजार घालविले. त्याचा दोष कोणाला द्यावा?

कंपनीने अपील केले नाही. अपिलासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते, हेही त्याचे एक कारण असावे असे पुतणीचे मत आहे. डिसेंबरात पैसे जमा झाले.

एक गोष्ट मात्र या हिशेबात कोठेच नाही. माझ्याकडील अकरा कारागीर नगावर काम करणारे होते. पॉलिसीत मी फक्त महिनेवारी पगार नोंदविले होते. तीन महिने मी त्यांना निम्मी मजुरी दिली, सुमारे एक लाख दहा हजार; त्यासाठी घरातून पाटल्या गहाण गेल्या. ते पैसे मागण्याचा मला हक्क नव्हता, कारण ते कारागीर त्या यादीत नव्हते. तरीही त्यांपैकी चौघे इचलकरंजीस गेले, ते परतले नाहीत. त्यांतील एक माझ्या वडिलांच्या हाताखाली शिकलेला होता. नव्या पॉलिसीत कारागिरांची मजुरी स्वतंत्र नोंदविली आहे, रक्कम दरवर्षी चैत्रात तपासतो, आणि मीटर माडीवर नेला आहे. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा दुकानात आले तेव्हा आठव्या दिवशी यंत्रे सुरू झाली होती.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिले आहे. भोजनानंतर मी आणि पुतणी कार्यालयाच्या ओसरीवर बसणार आहोत. ज्यांच्याजवळ पॉलिसीचे कागद आहेत त्यांनी घेऊन यावे. ज्यांनी नकाराचे पत्र फळीवर ठेवले असेल त्यांनी त्यावरील तारीख आधी पाहावी, आणि दोन वर्षे झाली नसतील तर आजच भेटावे.